श्वा : तोंडात असलेला, डोळ्यांनी हरवलेला स्वर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांकडून इंग्रजी उच्चारांबद्दल आलेली पत्रं एकत्र वाचली, तेव्हा बहुतेक प्रश्नांचं मूळ एकाच स्वरात सापडलं. म्हणून हे सदर या वेळी त्या एका स्वरासाठी ठेवलं आहे. इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत तोडून लिहिले आहेत आणि जोर कुठल्या अक्षरावर येतो ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे. वाचताना ओठ हलवून मोठ्यानं म्हणा, नुसतं मनात वाचून यातलं काही हाती लागणार नाही.

प्रशिक्षणात ‘श्वा’ हा शब्द ऐकला. फळ्यावर रोमन ई उलटा काढून दाखवला आणि पुढचा विषय सुरू झाला. हा स्वर नेमका कोणता? स्पेलिंगमध्ये तो कुठंच दिसत नाही, मग मुलांना दाखवायचा कसा?
(प्राथमिक शिक्षिका, देवगड तालुका)

तो दाखवायचा नाही, ऐकवायचा. हनुवटीखाली तळहात आडवा धरा आणि ‘आंबा’ म्हणा. हनुवटी हाताला दाबते. आता ‘अननस’ म्हणा. पहिल्या ‘अ’ला हनुवटी जेमतेम हलते. जीभ तोंडाच्या मध्यावर सैल पडलेली असते, ओठ गोल नसतात आणि ताणलेलेही नसतात. तोंड जवळजवळ विश्रांतीत असताना जो आवाज निघतो, तो श्वा. ‘अबाउट’मधला पहिला ‘अ’ म्हणजे तोच. मराठी ‘अ’ किंचित जास्त उघडा असतो, पण जोर काढून घेतला आणि लांबी कमी केली की तो थेट श्वाच्या जागी जाऊन बसतो.

शब्दाच्या शेवटीही हा स्वर आपल्याकडे आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. ‘चांगलं’, ‘मोठं’, ‘तिनं’ हे शब्द रोजच्या बोलण्यातल्यासारखे म्हणा. अनुस्वार लिहितो खरा, पण बहुतेकांच्या तोंडून शेवटी नुसता सैल ‘अ’ निघतो. ‘सोफा’, ‘कॅमेरा’, ‘इंडिया’ या इंग्रजी शब्दांच्या शेवटी हाच स्वर हवा. ज्यांच्या बोलीत नाकातला सूर अजून टिकून आहे, त्यांनी इंग्रजीत तेवढा तो सोडावा. ‘बनाना’ हा शब्द ‘ब-ना-नं’ असा, मधल्या ‘ना’वर जोर देऊन म्हणून पाहा. शेवटचं ‘नं’ अगदी ‘तिनं’मधलं.

म्हणजे जिभेला काही नवीन शिकवायचं नाही. गाडं अडतं ते डोळ्यांपाशी. आपल्या भाषेत कानानं आलेले जुने इंग्रजी शब्द बघा: डझन, बटण, सेकंद, मशीन, कंपनी. या सगळ्यांत जिथं हवा तिथं श्वा जागेवर आहे. हापूसचा भाव डझनावर सांगणारा बागायतदार ‘डझेन’ म्हणत नाही. आता पुस्तकावरून आलेले शब्द घ्या: पोटॅटो, कॉम्प्युटर, प्रोफेसर, प्रॉब्लेम. इंग्रजीत हे प-टे-टो, कम्-प्यू-टर, प्र-फे-सर, प्रॉब-लम. डोळ्यांनी ओ किंवा ई पाहिला आणि तोंडानं तो पुरता उच्चारला, एवढीच चूक. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं, त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. शिकलेल्या माणसापर्यंत इंग्रजी अशी छापील कागदातून आली, आणि कागदावर श्वाला स्वतःचं अक्षरच नाही. ए, ई, आय, ओ, यू ही पाचही अक्षरं आळीपाळीनं त्याचं काम करतात.

असं का झालं, तर जुन्या इंग्रजीतले शब्दांच्या शेवटचे वेगवेगळे बिनजोराचे स्वर हळूहळू एकाच सैल स्वरात मिसळत गेले. पुढं त्यातले पुष्कळ गळूनही पडले. ‘नेम’ या शब्दाच्या शेवटी आज जो मुका ई दिसतो, तो एके काळी उच्चारला जाई. उच्चार बदलत राहिले आणि छपाईनं स्पेलिंग मात्र बांधून टाकलं. मराठीतही ‘राम’ लिहून आपण ‘राम्’ म्हणतो. तीच वाट आहे ही.

नावाबद्दल एवढंच, की संस्कृतातल्या श्वानाशी त्याचा संबंध नाही. हिब्रू लिपीत अक्षराखाली दोन ठिपके देतात, त्या खुणेचं ते नाव. उलट्या ईची खूण योहान श्मेलर या जर्मन अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकात वापरात आणली.

तारकर्लीला आमचं घरगुती निवास आहे. परदेशी पाहुण्यांना मी म्हणतो, की मी तुम्हाला किल्ल्यावर नेऊ शकतो, तर त्यांना वाटतं मी नाही म्हणतोय! माझं व्याकरण तर बरोबर आहे.
(निवास-न्याहारी चालक, मालवण तालुका)

व्याकरण बरोबरच आहे. बिघाड ‘कॅन’च्या स्वरात आहे, आणि तो अगदी नेमका सांगता येतो.

होकारी वाक्यात हा शब्द बिनजोराचा असतो: ‘आय कन् टेक यू’. जोर ‘टेक’वर, आणि ‘कन्’ पटकन जाणारं. नकारात ‘कॅन्ट’ किंवा ब्रिटिश पद्धतीनं ‘कान्ट’, आणि त्यावर जोर. आता नकारातला शेवटचा ‘ट’ बोलण्यात पुढच्या व्यंजनाला चिकटून जवळजवळ नाहीसा होतो. ‘टेक’ तर ‘ट’नंच सुरू होतो. मग ऐकणारा ‘ट’ शोधत बसत नाही, तो स्वर आणि जोर यांवरून ठरवतो. तुम्ही ठासून, भरपूर ‘कॅऽन’ म्हणालात की त्याला नकार ऐकू येतो, त्यातून किनाऱ्यावर वारा असतोच. उपाय सोपा आहे. ‘कन्’ हलकं ठेवा, ‘टेक’ लांबवा. नकार द्यायचा असेल तेव्हा ‘नॉट’ वेगळं म्हणा, ‘कॅन नॉट’. वाऱ्यात तेच जास्त खात्रीचं.

असे छोटे शब्द इंग्रजीत तीन-चार डझन आहेत. यांना दोन रूपं असतात, भरीव आणि हलकं. ‘ऑफ’चं (त्याचा भरीव उच्चार खरं तर ‘ऑव’) ‘अव’, ‘फ्रॉम’चं ‘फ्रम’, ‘फॉर’चं ‘फर’, ‘अॅट’चं ‘अट’, ‘वॉज’चं ‘वज’. आणि ‘अँड’चं? ‘अन्’. हे आपल्याला शिकवावं लागू नये. ‘आणि’चं ‘अन्’ आपणही करतोच, ‘मीठ अन् भाकर’ म्हणतोच. इंग्रजी माणसानं ‘अँड’चं केलं तेही तेच, त्याच कारणानं: दोन वजनदार शब्दांमधला सांधा हलका असला की बोलणं पुढं सरकतं. ‘फिश अन् राइस’ असं म्हणा आणि तुमचं इंग्रजी तिथल्या तिथं सुधारल्याचं तुमच्याच कानाला जाणवेल.

वाक्याच्या अगदी शेवटी मात्र हे शब्द भरीव होतात. पाहुण्याला विचाराल ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ तेव्हा ‘फ्रॉम’ पुरता. स्वतःबद्दल सांगाल ‘आयम फ्रम मालवण’ तेव्हा ‘फ्रम’. ‘येस, आय कॅन’ मध्येही ‘कॅन’ पुरता, कारण त्याच्या पुढं आधार द्यायला कुणी नाही.

तुमच्या ताटातल्या पदार्थांवरच सराव करा. बांगडा म्हणजे मॅक-रल, कालवं म्हणजे ऑय-स्टर, शेवंड म्हणजे लॉब-स्टर, तिन्हींत पहिल्या अक्षरावर जोर. नारळ को-क-नट, यातही पहिल्या ‘को’वर जोर आणि मधला श्वा. टोमॅटो ट-मा-टो (अमेरिकन पाहुणा ट-मे-टो म्हणेल), पपई प-पा-य, या दोन्हींत जोर दुसऱ्या अक्षरावर. ‘प्रॉन’ आणि ‘मँगो’ यांत श्वा नाहीच. मँगोचा शेवट ‘गो’ असाच ठेवा. एक सूचना मनापासून: सोलकढीला सोलकढीच म्हणा. आपल्या पदार्थाचं नाव पाहुण्यानं शिकावं, त्यासाठी आपण ते इंग्रजी वळणानं मोडू नये.

‘कप’मधला स्वर आणि ‘अबाउट’मधला पहिला स्वर शब्दकोशात वेगवेगळ्या खुणांनी दाखवतात. मला दोन्ही ‘अ’च वाटतात. माझा कान खराब आहे का?
(बी.ए.चा विद्यार्थी, रत्नागिरी)

कान उत्तम आहे. जोर असेल तर ‘कप’चा, जोर नसेल तर श्वा. ‘लंडन’ या एका शब्दात दोन्ही आहेत, पहिला जोराचा, दुसरा सैल. मराठी ‘अ’ दोन्ही कामं निभावतो आणि त्यामुळे कुणाचा गैरसमज होत नाही. जोर बरोबर जागी द्या, या फरकावर वेळ घालवू नका.

चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आम्हाला सांगितलं होतं की प्रत्येक अक्षर स्वच्छ, पूर्ण उच्चारावं. आता अक्षरं गिळायला शिकवतात. हा आळशीपणा नव्हे का?
(निवृत्त शिक्षक, सावंतवाडी)

तुमच्या पत्रातली तळमळ आम्हाला मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर.

गिळणं आणि सैल सोडणं यांत फरक आहे. वल्हं मारताना जोर लावायचा तो फटक्याला. पुढं होडी सरकते तेव्हा तांडेल हात सैल सोडतो, पण वल्हं सोडत नाही. इंग्रजी वाक्य असंच चालतं: जोराच्या अक्षराला फटका, मधल्या अक्षरांवर सरकणं. मराठीत अक्षरं बरीचशी सारख्या वजनानं येतात. इंग्रजीत जोराची अक्षरं साधारण ठेक्यानं येतात आणि मधली त्यांच्यात दाटीवाटीनं बसतात, असं पूर्वापार सांगितलं जातं. घड्याळ लावून मोजलं तर अंतरं तंतोतंत सारखी निघत नाहीत, हेही खरं. पण कानाला ठेका जाणवतो आणि इंग्रजी ऐकून वाढलेला माणूस त्या ठेक्यावरच शब्द ओळखतो. सगळी अक्षरं सारख्या वजनाची आली तर त्याला कशावर बोट ठेवावं ते कळत नाही. आपल्याला स्वच्छ वाटणारं बोलणं त्याला सपाट वाटतं ते यामुळं.

आणि सैल ‘अ’ला आपल्या परंपरेनं कधी कमी लेखलेलं नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीचं अगदी शेवटचं सूत्र ‘अ अ’ एवढंच आहे. व्याकरणभर ऱ्हस्व ‘अ’ला ‘आ’शी जुळावं म्हणून विवृत, म्हणजे उघडा मानलं. आणि शेवटी एका सूत्रात सांगून टाकलं, की प्रत्यक्ष बोलण्यात तो संवृत, म्हणजे मिटता आहे. नियमाच्या सोयीचा स्वर वेगळा आणि तोंडातला वेगळा, हे ज्या भूमीत इतक्या नेमकेपणानं नोंदवलं गेलं, तिथल्या मुलांना श्वा परका वाटू नये. आम्हाला तर हा स्वर शिकवण्यातला सगळ्यांत आनंदाचा भाग हाच वाटतो.

तुमची शंका एका बाबतीत मात्र पूर्ण योग्य आहे. इंग्रजी उच्चारांच्या अभ्यासक जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली, वेगवेगळ्या मातृभाषांच्या माणसांना एकमेकांचं इंग्रजी कळण्यासाठी उच्चारातलं काय अत्यावश्यक आहे, त्याची मांडणी केली. त्यात छोट्या शब्दांची हलकी रूपं त्यांनी धरली नाहीत. वाक्यातला मुख्य जोर कुठं येतो, ते धरलं. केरळच्या किंवा जपानच्या माणसाशी बोलताना तुमचा पूर्ण ‘ऑफ’ काही अडवत नाही. म्हणून आम्ही क्रम असा सुचवतो: श्वा आधी ऐकण्यासाठी शिकवा, बोलण्यासाठी नंतर. ज्याला ‘कप अव टी’ ऐकताना ‘अव’ हा ‘ऑफ’च आहे हे उमगत नाही, त्याला बातम्याही कळत नाहीत आणि मुलाखतीतला प्रश्नही.

मर्चंट नेव्हीच्या पूर्वतयारीला आहे. पुस्तकातले जहाजावरचे शब्द आणि कानावर पडणारे शब्द जुळतच नाहीत. शिवाय रेडिओवर बोलताना हा श्वा वापरायचा का?
(विद्यार्थी, दापोली तालुका)

जहाजावरचे शब्द पिढ्यान्‌पिढ्या खलाशांच्या तोंडी घासले गेले आहेत. आपण ज्याला सारंग म्हणतो, त्या हुद्द्याचं स्पेलिंग ‘बोट’ आणि ‘स्वेन’ जोडून होतं, उच्चार मात्र ‘बो-सन’. नाळेकडचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा भाग स्पेलिंगनं ‘फोर-कासल’, उच्चारानं ‘फोक-सल’. होडीच्या काठाचा शब्द ‘गन-वेल’ दिसतो, म्हणतात ‘गनल’. उजवी बाजू ‘स्टार-बर्ड’, ‘बोर्ड’ नव्हे. ब्रिटिश माणूस तर ‘स्टा-बड’ म्हणेल. ‘कंपास’ हा शब्द इंग्रजीत ‘कम्-पस’. हे शब्द पाठ करताना वहीत स्पेलिंग उजवीकडं आणि ऐकलेला उच्चार डावीकडं लिहा, आणि आधी डावीकडचं वाचा.

सुकाणूच्या हुकमांतही श्वा भेटतो. ‘हार्ड-अ-पोर्ट’मधला तो मधला ‘अ’. हुकूम मिळाला की सुकाणूवरच्या माणसानं तो शब्दाला शब्द परत म्हणायचा असतो, आणि तो ‘अ’ लांबवला तर हुकमाचा ठेका मोडतो.

रेडिओची गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ साली सागरी संभाषणाची ठरावीक वाक्यं मंजूर केली. त्यांत ‘कॅन’, ‘मे’, ‘शुड’ असे संदिग्ध शब्द टाळायला सांगितलं आहे. परवानगी विचारायची तर ‘मे आय’नं सुरुवात न करता आधी ‘क्वेश्चन’ म्हणायचं आणि मग सरळ विचारायचं, की मला परवानगी आहे का. आकडे एकेक सुटे सांगायचे, दीडशेला ‘वन फाइव्ह झीरो’. रेडिओच्या खरखरीमध्ये हलका शब्द सगळ्यांत आधी हरवतो, म्हणून ज्यावर अर्थ टांगलेला आहे असा शब्द तिथं हलका ठेवायचाच नाही. डेकवर सहकाऱ्यांशी बोलताना श्वा पुरेपूर वापरा, रेडिओवर ठरलेल्या वाक्यांना धरून सावकाश बोला.

मुलगी इंग्रजी शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहिते. शाळेत ते बंद करायला सांगितलं. तिचं स्पेलिंगही चुकतं, विशेषतः शेवटची अक्षरं.
(पालक, चिपळूण)

देवनागरीत लिहिण्यात काही वाईट नाही. मराठी लिपीत श्वासाठी अक्षर आहे, रोमनमध्ये नाही, मग आपली जमेची बाजू का सोडावी? फक्त तिनं कानानं ऐकलेलं लिहावं, रोमन अक्षरांचं लिप्यंतर करू नये. ‘प-टे-टो’ लिहिलं तर फायदा, ‘पोटॅटो’ लिहिलं तर नुकसान. जोराच्या अक्षराखाली रेघ, आणि श्वाच्या अक्षरावर पेन्सिलीनं बारीक शून्य. शेवटच्या श्वावर शून्य आवर्जून हवंच, कारण मराठीत शेवटचा ‘अ’ आपण आपसूक गाळतो आणि ‘सोफ’ लिहिलं तर ‘सोफ्’ वाचलं जाईल.

स्पेलिंग चुकतं तेही श्वामुळंच. टीचर, डॉक्टर, ग्रामर यांचा शेवट कानाला एकच, पण लिहिताना ई-आर, ओ-आर, ए-आर. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशी मुलंही ‘सेपरेट’ आणि ‘कॅलेंडर’ यांत नेमकी इथंच चुकतात. तिला दोन उच्चार ठेवू द्या, बोलायचा ‘सेप्रट’ आणि लिहायचा ‘सेप-ए-रेट’. लिहायचा उच्चार फक्त पाठांतरासाठी, तो बोलण्यात येऊ द्यायचा नाही.

जोर कुठल्या अक्षरावर हे ओळखायचं कसं? ‘फोटोग्राफ’ आणि ‘फोटोग्राफर’ यांत तो जागा का बदलतो?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गुहागर)

शब्दाला जोडलेला प्रत्यय जोर ओढून घेतो, आणि जोर हलला की श्वाही जागा बदलतो. फो-ट-ग्राफ, जोर ‘फो’वर. फ-टॉ-ग्र-फर, जोर ‘टॉ’वर, बाकी तिन्ही सैल. फो-ट-ग्रॅ-फिक, मुख्य जोर ‘ग्रॅ’वर. हे तीन शब्द लागोपाठ दहा वेळा म्हणा, नियम आपोआप अंगात मुरेल.

‘-शन’, ‘-इक’, ‘-इटी’ असे शेवट असतील तर जोर बहुतेक वेळा त्यांच्या लगेच आधीच्या अक्षरावर येतो. ‘पॉलिटिक्स’ हा अपवाद, तिथं पहिल्या अक्षरावर. ‘-मेंट’ हा प्रत्यय ‘मन्ट’ होतो आणि ‘-अस’ तर मराठीतल्या ‘फेमस’सारखाच. काही जोड्यांत नाम आणि क्रियापद यांच्यात जोर सरकतो. मासेमारीचं परमिट, तिथं पहिल्या अक्षरावर जोर. परवानगी देणं या क्रियापदात तो ‘मिट’वर जातो आणि ‘पर’ सैल पडतं.

शब्दकोशात जोराच्या अक्षराआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. अर्थ पाहण्याआधी ती रेघ आणि उलटा ई, या दोन खुणा शोधायची सवय लावून घ्या.

वर्गात ४५ मुलं, स्पीकर नाही, वीज कधीही जाते. या स्वराचा एखादा दिवस साजरा करता येईल का?
(शिक्षक, राजापूर तालुका)

जरूर करता येईल, आणि करावाच. जो स्वर इंग्रजीत सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि अक्षरमालेत ज्याचं नावही नाही, त्याला एक दिवस द्यायलाच हवा. चाळीस मिनिटं पुरतात.

आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. त्यातून वीतभर उंचीचे ए, ई, आय, ओ, यू आणि आणखी एक ई कापा. या जास्तीच्या ईला खालच्या बाजूनं सुंभ बांधा, म्हणजे गळ्यात घातल्यावर तो उलटा लटकेल. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद चकत्या कापा, दोन मुलांत एक.

पहिली दहा मिनिटं फक्त कान. पुस्तकं बंद. ‘अबाउट’, ‘ओपन’, ‘फॅमिली’, ‘लेमन’, ‘सर्कस’ हे शब्द तुम्ही सहज बोलण्याच्या वेगानं तीनतीनदा म्हणा. मुलांनी हनुवटीखाली हात धरून ते परत म्हणायचे आणि हनुवटी कुठं जास्त खाली जाते ते सांगायचं. पाच शब्द पुरे, जास्त घेतले तर गोंधळ होतो.

मग शब्द फळ्यावर लिहा. पाच अक्षरांची पाच मुलं रांगेत उभी, सहावं मूल उलट्या ईचं. ‘लेमन’ म्हटलं की ओ खाली बसतो आणि उलटा ई त्याच्या मागं येऊन उभा राहतो. ‘सर्कस’ला यूची पाळी, ‘फॅमिली’ला आयची, ‘ओपन’ला ईची, ‘अबाउट’ला एची. पाचही अक्षरं एकदा बसून झाली की स्पेलिंगवर विसंबून चालत नाही, हे मुलांना न सांगता कळतं. इथं थांबून ‘सर्कस’ आणि ‘ऑगस्ट’ हे शब्द आपण मराठीत किती बरोबर म्हणतो, तेही त्यांना सांगा. आपल्या बोलण्यात काही बरोबर आहे, हे ऐकून मुलं मोकळी होतात.

पुढची पंधरा मिनिटं ट्यूबच्या चकत्या. जोराच्या अक्षराला ताणायचं, श्वाला सैल सोडायचं. ‘बनाना’मध्ये सैल, ताण, सैल. नंतर ‘अ कप अव टी’मध्ये सैल, ताण, सैल, ताण. शिमग्याच्या ढोलावर वाढलेल्या मुलांना हा ठेका पकडायला वेळ लागत नाही. वीज गेली तरी काही बिघडत नाही. अंधारात तर कान जास्त चालतात.

काय चुकतं ते आधीच सांगतो. सुट्या श्वाचा गजर करून घेऊ नका. ४५ मुलांनी मिळून जोरात ‘अ’ म्हटलं की त्यावर जोर आला आणि तो श्वा उरला नाही. तो नेहमी शब्दातच म्हणायचा. दुसरं, मुलं श्वा आखूड करण्याच्या नादात सगळंच भरभर बोलू लागतात. तेव्हा ‘श्वा आखूड करा’ असं सांगूच नका, ‘जोराचं अक्षर लांबवा’ असं सांगा. एक लांबलं की दुसरं आपोआप आखूड होतं. तिसरं, सगळीच बिनजोराची अक्षरं श्वा होत नाहीत. ‘हॅपी’चा शेवट ‘ई’च, ‘मिनिट’चा दुसरा स्वर ‘इ’च. उत्साहात ‘हॅपऽ’ ऐकू आलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करा.

उरलेली पाच मिनिटं मुलांना आपापल्या घरातले, दुकानातले, बंदरावरचे इंग्रजी शब्द आठवू द्या आणि ज्यात श्वा सापडेल त्यासाठी फळ्यावर एक उलटा ई काढा. फळा भरला की पुसू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवा.

परदेशी पाहुणे आमच्या गावांची नावं भलतीच उच्चारतात. त्यांना कसं सांगावं?
(वाचक, मालवण)

रोमनमध्ये ‘अ’ आणि ‘आ’ दोन्हींसाठी एकच ए लिहितात, त्यात बिचाऱ्या पाहुण्याचा दोष नाही. त्याला श्वाच्याच भाषेत सांगा: मालवणमधला पहिला ए ‘फादर’मधला, दुसरा ‘अबाउट’मधला. रत्नागिरीचा पहिला ए ‘अबाउट’चा, दुसरा ‘फादर’चा. दोनदा म्हणून दाखवा आणि तिसऱ्यांदा त्याला म्हणू द्या.